नौकेचा वेग आणि डिझेलचा हिशेब

पावसाळ्यातील मासेमारीबंदीचा काळ संपला की पालघर जिल्ह्यातील सातपाटीपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौका पुन्हा समुद्रात उतरतात. प्रत्येक खेपेआधी नौकेवर डिझेल, बर्फ आणि शिधा भरावा लागतो. यांपैकी डिझेलचा खर्च बहुधा सर्वांत मोठा असतो आणि जाळ्यात मासळी येवो अथवा न येवो, तो टळत नाही. अनेक बंदरांत खेपेच्या उत्पन्नातून हा खर्च प्रथम वजा होतो व उरलेल्या रकमेचे मालक, तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. त्यामुळे वाया गेलेल्या डिझेलचा भार एकट्या मालकावर पडत नाही. तो खलाशाच्या घरापर्यंत पोहोचतो.

भारतात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला १९५० नंतरच्या दशकात गती मिळाली. १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे करारानुसार केरळच्या किनाऱ्यावर सुरू झालेला प्रकल्प हा त्याचा एक महत्त्वाचा टप्पा होय. त्या काळी इंधन स्वस्त होते. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे जागतिक भाव काही महिन्यांतच सुमारे चौपट झाले आणि ही परिस्थिती पालटली. इंधनाच्या काटकसरीचा प्रसार करण्यासाठी १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था स्थापन झाली. ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचे भाव शासकीय नियंत्रणातून मुक्त झाले. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरील विक्रीकराची, पुढे मूल्यवर्धित कराची, प्रतिपूर्ती देण्याची योजना राज्य शासन राबवीत आले आहे. या सवलतीने लिटरमागील खर्च कमी होतो. किती लिटर जाळावयाचे, हे मात्र नौकेवर इंजिनाची मूठ ज्याच्या हाती असते तोच ठरवितो.

खेपेला किती डिझेल लागले, हे अनुभवी तांडेल सहज सांगू शकतो. परंतु इंजिनाचे फेरे किती असताना एक सागरी मैल जाण्यास किती डिझेल लागते, याची नोंद फार थोड्या नौकांवर आढळते. ही नोंद करणे अवघड नाही. एक मापाचा डबा, एक घड्याळ आणि एक शांत सकाळ एवढ्यावर ते काम होऊ शकते.

वेग थोडा, खर्च फार

रस्त्यावरील वाहनाचा अनुभव नौकेला जसाच्या तसा लागू पडत नाही. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर शक्ती सुमारे आठपट लागते. उलट, फेरे एकदशांशाने कमी केले तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते, आणि फेरे एकपंचमांशाने कमी केले तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. डिझेलचा ताशी खर्चही साधारणपणे याच प्रमाणात उतरतो.

फेरे वाढविल्याने वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. याचे कारण नौकेने स्वतः उठविलेल्या लाटेत आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि पाण्याच्या विरोधाचे मापन शास्त्रशुद्ध पायावर आणले. नौका पुढे जाताना नाळेपाशी लाट उठते. वेग वाढत गेला की ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या जलरेषेवरील लांबीइतकी झाली म्हणजे नौका जणू स्वतःच उठविलेल्या चढावर चढू लागते. त्यानंतर ओतलेल्या डिझेलचा मोठा भाग लाटा उठविण्यातच खर्ची पडतो.

ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. जलरेषेवरील लांबीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्यास २.४३ ने गुणावे. येणारी संख्या नॉटमधील वेग होय. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. या हिशेबाने जलरेषेवर ९ मीटर लांब असलेल्या नौकेची मर्यादा सुमारे ७.३ नॉट, तर १२ मीटर लांब नौकेची सुमारे ८.४ नॉट येते. साध्या बांध्याच्या जड नौकेला या मर्यादेच्या जवळ नेणे फार महाग पडते, आणि अधिक शक्तीचे इंजिन बसविल्यानेही फारसे काही साधत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. इंजिनासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात, कोणत्या फेऱ्यांवर एक किलोवॉट-तासास कमीत कमी इंधन लागते, हे दिलेले असते. त्याच फेऱ्यांवर नौका चालविणे सर्वांत किफायतशीर, असे पुष्कळांना वाटते. परंतु तो आकडा इंजिनाचा आहे, नौकेचा नव्हे. शक्तीचे एकक स्वस्तात निर्माण झाले तरी एक मैल जाण्यासाठी अशी एकके किती लागतात, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर नौका समुद्रात नेऊनच मिळते.

मापनाची साधने

चाचणीसाठी चार गोष्टी लागतात. पहिली, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखविणारा मापक. दुसरी, अर्ध्या व शक्य तर दशांश लिटरच्या खुणा केलेला पाच लिटरांचा धातूचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा. डबा उंच व अरुंद असल्यास खुणा अधिक अचूक वाचता येतात. तिसरी, सेकंद दाखविणारे घड्याळ. चौथी, अंतर वा वेग मोजण्याचे साधन. जी.पी.एस. यंत्र असल्यास त्यावरील वेग वाचावा. नसल्यास किनाऱ्यावरील दोन ठळक खुणांमधील नकाशावरून मोजलेले अंतर घ्यावे.

डबा इंजिनाच्या इंधननळीला जोडताना अनुभवी कारागिराची मदत घ्यावी. डिझेल इंजिनात पंपाकडून आलेले सर्व इंधन जळत नाही. काही भाग परतीच्या नळीने टाकीत परत जातो. ही परतीची नळीही त्याच डब्यात सोडावी लागते. ती मुख्य टाकीतच राहिली तर परत गेलेले डिझेलही जळाले असे समजले जाते आणि खर्च प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो. डबा पूर्ण रिकामा होऊ देऊ नये. नळीत हवा शिरली तर इंजिन बंद पडते. डबा घट्ट बांधून ठेवावा, काचेची बाटली वापरू नये, इंजिनाच्या तापलेल्या भागापासून डबा दूर असावा आणि चाचणी चालू असताना नौकेवर विडी अथवा चूल पेटवू नये.

चाचणीची रीत

दिवस निवडताना भांगाच्या भरती-ओहोटीचा काळ घ्यावा. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ अधिक असते. सकाळची वेळ उत्तम, कारण दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. पाण्याची खोली किमान दहा मीटर असावी. खाडीतील उथळ पाण्यात नौकेस अधिक विरोध होतो व आकडे फसवे येतात. नौकेवर नेहमीच्या खेपेइतकेच ओझे असावे. रिकाम्या नौकेवर घेतलेले माप बर्फ व जाळी भरलेल्या नौकेस उपयोगी पडत नाही.

इंजिन चांगले तापल्यावर फेरे एका आकड्यावर स्थिर करावेत आणि नौकेचा वेग स्थिरावेपर्यंत काही मिनिटे थांबावे. त्यानंतर डब्यातील पातळी व वेळ टिपावी. बरोबर सहा मिनिटांनी पातळी पुन्हा टिपावी. जळालेल्या डिझेलला दहाने गुणले की ताशी खर्च मिळतो. कमी फेऱ्यांवर सहा मिनिटांत अर्धा लिटरच जळत असेल, तर वाचनातील लहानशी चूकही मोठी ठरते. म्हणून तेथे पंधरा मिनिटे मोजून चारने गुणावे. नंतर नौका वळवून तेच माप उलट दिशेने घ्यावे.

दोन्ही दिशांनी माप घेणे हा या चाचणीचा प्राण आहे. जी.पी.एस. यंत्र जमिनीच्या संदर्भातील वेग दाखविते. त्यात पाण्याची ओढ मिसळलेली असते. समजा, एक सागरी मैल जाण्यास ओढीबरोबर ४५६ सेकंद आणि ओढीविरुद्ध ६१० सेकंद लागले. पहिला वेग ७.९ नॉट व दुसरा ५.९ नॉट येतो. दोहोंची सरासरी ६.९ नॉट, आणि हाच नौकेचा पाण्यातील खरा वेग होय. दोन मैलांना एकूण १,०६६ सेकंद लागले, असे धरून भागाकार केल्यास उत्तर सुमारे ६.७५ नॉट येते व ते चुकीचे ठरते. कारण ओढीविरुद्ध नौका अधिक वेळ चालली. म्हणून वेळांची नव्हे, वेगांची सरासरी काढावी.

नमुना तक्ता

पुढील आकडे रीत समजावी म्हणून घेतलेल्या एका कल्पित नौकेचे आहेत. तिची जलरेषेवरील लांबी १२ मीटर असून इंजिनाचे कमाल फेरे दर मिनिटास २,००० आहेत.

१,२०० फेरे: वेग ५.४ नॉट, ताशी ५.६ लिटर, मैलास १.०४ लिटर.
१,४०० फेरे: वेग ६.२ नॉट, ताशी ८.६ लिटर, मैलास १.३९ लिटर.
१,६०० फेरे: वेग ६.९ नॉट, ताशी १२.४ लिटर, मैलास १.८० लिटर.
१,८०० फेरे: वेग ७.५ नॉट, ताशी १७.४ लिटर, मैलास २.३२ लिटर.
२,००० फेरे: वेग ७.९ नॉट, ताशी २४.० लिटर, मैलास ३.०४ लिटर.

ताशी खर्चास वेगाने भागले की शेवटचा स्तंभ तयार होतो. तांडेलाच्या दृष्टीने हाच स्तंभ महत्त्वाचा आहे. सर्वांत कमी फेऱ्यांवर मैलामागे जेवढे डिझेल लागते, त्याच्या जवळजवळ तिप्पट सर्वाधिक फेऱ्यांवर लागते. वेग मात्र दीडपटीपेक्षाही कमी वाढतो.

तक्ता कसा वाचावा

तक्त्यात सर्वांत कमी खर्च १,२०० फेऱ्यांवर दिसतो, म्हणून सर्वांनी त्याच वेगाने चालावे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मच्छीमाराच्या वेळेलाही मोल आहे. बंदरातील लिलाव चुकला तर मासळीचा भाव पडतो, आणि बर्फ वितळला तर तिची प्रत उतरते. म्हणून वाचविलेल्या डिझेलची तुलना गेलेल्या मिनिटांशी करावयास हवी.

वरील नौकेला २० सागरी मैलांवरील मासेमारीच्या जागी जावयाचे आहे असे समजू. २,००० फेऱ्यांवर तिला २ तास ३२ मिनिटे व ६०.८ लिटर डिझेल लागेल. १,८०० फेऱ्यांवर २ तास ४० मिनिटे व ४६.४ लिटर लागेल. केवळ ८ मिनिटे अधिक देऊन १४.४ लिटर डिझेल वाचले. म्हणजे प्रत्येक मिनिटामागे सुमारे १.८ लिटर. १,८०० वरून १,६०० वर आल्यास आणखी १४ मिनिटे जातात व १०.५ लिटर वाचते. मिनिटामागे बचत पाऊण लिटर होते. १,६०० वरून १,४०० वर येताना २० मिनिटांत ८.२ लिटर, आणि १,४०० वरून १,२०० वर येताना २९ मिनिटांत ७ लिटर वाचते. शेवटच्या टप्प्यात मिनिटामागे बचत पाव लिटरच्या आसपास राहते.

यातून मुख्य बोध स्पष्ट होतो. सर्वांत मोठी बचत पहिल्याच पायरीवर आहे. कमाल फेऱ्यांवरून थोडे खाली येण्यास अत्यल्प वेळ लागतो आणि डिझेल भरपूर वाचते. त्यानंतरच्या प्रत्येक पायरीला बचत घटत जाते व वेळ वाढत जातो. कोठे थांबावयाचे, हे त्या दिवशीचा भाव, हवामान आणि लिलावाची वेळ पाहून तांडेलाने ठरवावयाचे आहे. जाताना नौका सोळा मिनिटे लवकर सोडली, तर पहिल्या पायरीवर जाण्या-येण्याचा उशीर भरून निघतो. अशा शंभर खेपा झाल्या तर या एका नौकेचे २,८०० लिटरांहून अधिक डिझेल वाचेल. एक लिटर डिझेल जळाल्याने सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे बचतीची दुसरी बाजूही लक्षात येते.

हा विचार नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बंगालच्या उपसागरासंबंधीचा कार्यक्रम मद्रासहून चालत असे. त्या कार्यक्रमाने १९८६ साली लहान मासेमारी नौकांचा इंधनखर्च कमी करण्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. इंजिनाचे फेरे मर्यादित ठेवणे हा तिच्यातील प्रमुख सल्ल्यांपैकी एक होता. या सल्ल्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

काही मर्यादा

हा तक्ता प्रवासातील खर्चाचा आहे. वाव किंवा डोल जाळी लावणाऱ्या नौकांचे डिझेल प्रामुख्याने जाण्या-येण्यात खर्च होते. त्यांना तो थेट उपयोगी पडतो. ट्रॉलर मात्र तासन्‌तास जाळे ओढीत असतो. तेथे जाळ्याला लागणारी ओढ फेरे ठरविते. म्हणून जाळे ओढतानाचा ताशी खर्च स्वतंत्रपणे मोजावा आणि प्रवासाच्या आकड्यांत तो मिसळू नये.

प्रवाहाविरुद्ध जाताना फेरे फार उतरविणेही फायद्याचे नसते. दोन नॉटच्या ओढीविरुद्ध वरील नौका १,२०० फेऱ्यांवर जमिनीच्या संदर्भात केवळ ३.४ नॉटने पुढे सरकेल आणि मैलामागे तिला १.०४ ऐवजी १.६५ लिटर लागेल. वेळ पाहून ओढीबरोबर निघणे, ही पूर्वीच्या शिडाच्या गलबतांवरील शहाणपणाची रीत इंजिनाच्या नौकेलाही तितकीच लागू आहे. तसेच डिझेल इंजिन सतत अगदी हलक्या भारावर चालविल्यास त्यात काजळी साठते. वादळाची चिन्हे असता अथवा नौकेवर आजारी माणूस असता डिझेलचा विचार बाजूस ठेवून बंदर गाठावे, हे सांगावयास नकोच.

दुसऱ्याच्या नौकेचा तक्ता आपल्या नौकेस लावू नये. बांधा, ओझे, पंखा आणि इंजिनाची स्थिती यांत थोडा फरक असला तरी आकडे बदलतात.

नोंदवहीचा उपयोग

एकदा केलेले माप जपून ठेवले तर ते नौकेची नाडी पाहण्यास उपयोगी पडते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ असतो. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तळ खरवडतात आणि रंगवितात. हंगामाच्या आरंभी, तळ स्वच्छ असताना, एकदा चाचणी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत त्याच ओझ्यावर व त्याच फेऱ्यांवर ती पुन्हा घ्यावी. वेग उतरलेला व मैलामागील खर्च वाढलेला दिसला, तर तळावर शेवाळ व शिंपले साचले आहेत, पंख्याची पाती झिजली वा वाकली आहेत, किंवा इंजिनाची इंधन फवारणी बिघडली आहे, असे समजावे. दुरुस्तीचा खर्च परवडेल की नाही, याचे उत्तर मग अंदाजाने नव्हे, आकड्यांनी देता येते.

पंख्याची निवड योग्य आहे की नाही, हेही याच चाचणीत कळते. पूर्ण मूठ दिल्यावरही इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल व काळा धूर ओकत असेल, तर पंखा इंजिनाला जड आहे. फेरे सहज मर्यादेपलीकडे जात असतील, तर तो हलका आहे.

संस्था, शाळा आणि ग्रामपंचायत

फेरेमापक व मापाचा डबा प्रत्येक नौकामालकाने विकत घेण्याची गरज नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने एक संच ठेवला, तर तो गावातील सर्व नौकांना पाळीपाळीने वापरता येईल. डिझेलच्या वाटपाची नोंद संस्थेकडे असतेच. तिच्या शेजारी प्रत्येक नौकेच्या चाचणीची नोंद ठेवण्यास वेगळा खर्च येणार नाही. किनाऱ्यावरील मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांत सागरी इंजिनाची देखभाल शिकविली जाते. रत्नागिरीजवळील शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांतील शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिली चाचणी झाल्यास तरुण खलाशांना रीत लवकर आत्मसात होईल.

किनाऱ्यावरील शाळांना या विषयात गणित व विज्ञान यांचा जिवंत पाठ सापडेल. सरासरी, घन, वर्गमूळ आणि आलेख या गोष्टी विद्यार्थ्याला स्वतःच्या घरच्या नौकेच्या आकड्यांवर शिकता येतील. आडव्या अक्षावर वेग व उभ्या अक्षावर मैलामागील डिझेल घेऊन काढलेली रेषा उजवीकडे कशी झपाट्याने वर चढते, हे त्याने एकदा काढून पाहिले की तो ते घरी समजावून सांगेल. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ग्रामसभेत दोन-तीन नौकांचे तक्ते, मालकांच्या संमतीने, मांडावेत. शेजारच्या नौकेने किती वाचविले, हे ऐकल्यावर दुसराही माप घेण्यास पुढे येतो.

समुद्रात किती मासळी मिळेल, हे कोणाच्या हाती नाही. बाजारात भाव काय येईल, हेही मच्छीमार ठरवू शकत नाही. एक मैल जाण्यास किती डिझेल जाळावे, एवढी गोष्ट मात्र त्याच्या हातातील मुठीवर अवलंबून आहे. येत्या हंगामाच्या पहिल्या खेपेआधी प्रत्येक गावात निदान एका नौकेचा तक्ता तयार व्हावा, आणि त्याची एक प्रत इंजिनाच्या खोलीत, फेरेमापकाशेजारी लावलेली असावी.